‘कागद नाही ना, मग विसरा’ असं कोणी म्हणालं तर
(वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं)

या महिन्याच्या पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा भेटलं : ‘लेखी काहीच नाही, आता काय होणार?’ उसने पैसे, सुतारकामाची मजुरी, भाड्याची खोली, बहिणीचा वाटा, मार्केटमधला जामीन. विषय निरनिराळे, पण हताशा तीच. म्हणून इतर पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी फक्त यांनाच उत्तरं देते आहे. लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : वकीलताई, कोपरखैरण्यात माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीला मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी मी १,८०,००० रुपये दिले. ६०,००० गूगल पेने आणि बाकीचे रोख, कारण त्याच आठवड्यात माझी भिशी लागली होती. व्याजाचं काही बोलणं नव्हतं. ‘वर्षात देते’ म्हणाली. दोन वर्षं आठ महिने झाले. आधी ‘दिवाळीनंतर’, मग ‘ह्यांचा पीएफ आला की’, आणि आता फोनच उचलत नाही. पोलिसांकडे गेले तर ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून परत पाठवलं. मिस्टर म्हणतात, कागद नाही, सोडून दे. मेसेज आहेत, त्यांचे फोटो सोबत पाठवते आहे. रोख दिले म्हणून मीच अडकेन का, याचीही भीती वाटते.

उत्तर : ताई, सोडून देऊ नका. आणि उशीरही करू नका, कारण दावा लावायला तुमच्या हातात फक्त चार महिने उरलेत. मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच गोष्टीची.

आधी मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम १० सांगतं की दोन्ही बाजूंची राजीखुशी हवी, दोघं सज्ञान आणि शुद्धीवर हवेत, काहीतरी देणंघेणं हवं आणि उद्देश बेकायदा नको. एवढं जमलं की करार झाला. तो कागदावरच हवा असं हे कलम म्हणत नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेखी किंवा नोंदणीची अट घातली असेल तर ती पाळा, इतकंच ते शेवटी म्हणतं. हातउसन्या पैशांना अशी अट नाही. म्हणजे तुमचा व्यवहार कायद्याच्या नजरेत पुरा करार आहे. प्रश्न उरतो तो सिद्ध करण्याचा.

दिवाणी दाव्यात खुनाच्या खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. दोघांपैकी कोणाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे, हे न्यायाधीश पाहतात. आता तुमच्या बाजूला काय आहे ते पाहू. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ६०,००० गेलेले दिसतील, पण ते कशासाठी गेले हे स्टेटमेंट सांगत नाही. उद्या ती म्हणेल, ‘मुलीला भेट दिली होती’ किंवा ‘तिच्याकडून माझंच येणं होतं’. म्हणून तुम्ही पाठवलेल्या फोटोंतला तिसरा मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला : ‘ताई रागावू नको गं, तुझे एक ऐंशी माझ्या डोक्यावर आहेत, पीएफ आला की पहिले तुझे.’

ही एक ओळ नीट पाहा. ‘माझ्या डोक्यावर आहेत’ म्हणजे देणं कबूल. ‘पहिले तुझे’ म्हणजे परत करायचं आहे हे कबूल, भेटीची गोष्ट तिथेच संपली. आणि ‘एक ऐंशी’ म्हणताना तिने फक्त गूगल पेचे साठ नव्हे, तर रोख दिलेले एक लाख वीसही मोजलेत. ज्या रोख रकमेची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती होती, तिची कबुली तिनेच देऊन ठेवली आहे. यापेक्षा चांगला कागद तुम्ही तिच्याकडून लिहून घेतला असता असं मला वाटत नाही.

तेव्हा तो फोन विकू नका, बदलू नका, चॅट पुसू नका. नुसती छापील प्रत कोर्टात चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यात हे कलम ६५-ब होतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला झाला, त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं : मूळ उपकरण कोर्टात हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. तुमचा वकील ते तयार करून घेईल, तुम्ही फक्त फोन जपा. भिशीतल्या दोघीतिघी ‘हो, त्या आठवड्यात रक्कम हिला दिली होती’ असं सांगायला तयार असतील तर त्यांची साक्ष आणि भिशीची वही, दोन्ही मोलाची.

रोखीबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय म्हणून सांगते. आयकर कायद्यानुसार २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घ्यायचं नसतं. दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो, पण तो घेणाऱ्यावर. रोखीत दिलं म्हणून कर्जच खोटं ठरत नाही. तुमची रक्कम भिशीची होती हे तुम्हाला दाखवता येतंय, मग भिऊ नका. ‘ही सावकारी करते’ असाही आरोप होईल. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा हा धंदा म्हणून कर्ज देणाऱ्यांसाठी आहे. मैत्रिणीला अडचणीत बिनव्याजी पैसे देणं म्हणजे धंदा नव्हे.

पोलिसांनी परत पाठवलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता असं दिसलं तर फसवणुकीचा गुन्हा होतो. नंतर देणं जमलं नाही किंवा टाळलं, तर मामला दिवाणीच राहतो.

आता मुदत. मागाल तेव्हा परत करायच्या कर्जाला मुदत कायदा दाव्यासाठी तीन वर्षं देतो, आणि ती मोजायची पैसे दिले त्या दिवसापासून, मागितले त्या दिवसापासून नाही. ‘वर्षात देते’ असं ठरलं होतं, म्हणून वर्ष संपल्यापासून मोजा, असं म्हणता येईल. पण ते ठरलेलं वर्षसुद्धा तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. त्या भरवशावर एक दिवसही थांबू नका. वकिलाची नोटीस पाठवली की मुदत वाढते असं आपल्याकडे सर्रास समजतात. वाढत नाही. वाढते ती मुदतीच्या आत तिने सही करून देणं कबूल केलं तर, किंवा काही रक्कम फेडली आणि त्या फेडीची तिच्या हातची किंवा सहीची नोंद असली तर. म्हणून पहिल्यांदा शांतपणे तिच्या घरी जा. भांडू नका. ‘महिन्याला पाच-पाच हजार दे, पण एवढं लिहून सही कर’ म्हणा. चेक देते म्हणाली तर घ्या. तो परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, तिला १५ दिवस द्यायचे, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार दाखल करायची, हा वेगळा रस्ता खुला होतो.

नाहीच ऐकलं तर पंधरा दिवसांची नोटीस आणि लगेच दिवाणी दावा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केलात तरी माहिती मिळेल. दावा न लावता लोकअदालतीत तडजोड करायची तर तीही तिथेच होते आणि तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. फक्त तडजोडीच्या तारखा पडत असताना चार महिने निघून गेले असं होऊ देऊ नका.

प्रश्न : मॅडम, मी कळव्याला राहतो, सुतारकामाची कामं घेतो. घोडबंदर रोडला एका फ्लॅटचं ३,४०,००० चं कोटेशन दिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ आलं. काम चालू असताना त्यांनीच किचनच्या दोन ट्रॉल्या, बेडरूमचा लॉफ्ट आणि बाल्कनीतलं कपाट वाढवायला सांगितलं. मी म्हटलं पंच्याऐंशी हजार वाढतील. साहेब म्हणाले, ‘तू कर रे, शेवटी हिशेब करू.’ आता म्हणतात कोटेशनमध्ये नाही ते देणार नाही. त्यांचा फोन मी रेकॉर्ड केलाय, तो चालेल का?

उत्तर : दादा, तुमच्यासारख्या कारागिरांची पत्रं वाचताना जीव तुटतो, कारण माल तुमच्या खिशातून गेलेला असतो आणि पोरांची मजुरी तुम्ही आधीच देऊन बसलेले असता.

साहेबांचा मुद्दा आहे की कोटेशन लेखी आहे, म्हणून त्याबाहेरचं बोलणं मोजायचं नाही. कायदा इतका एकांगी नाही. लेखी व्यवहार झाल्यानंतर दोघांनी तोंडी बदल केला असेल, आणि तो व्यवहार कायद्याने लेखीच हवा अशातला नसेल किंवा नोंदणीकृत नसेल, तर तो बदल पुराव्याने दाखवता येतो. सुतारकाम त्यातलं नाही. शिवाय करार कायद्याचं कलम ७० तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. फुकट करायच्या इराद्याने केलं नाही असं काम एखाद्याने दुसऱ्यासाठी केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. त्या ट्रॉल्यांत त्यांची भांडी आहेत, लॉफ्टवर त्यांच्या बॅगा आहेत. ‘मी सांगितलंच नव्हतं’ म्हणायचं तर त्यांना सांगावं लागेल की घरात कपाट उभं राहत असताना ते गप्प का बसले. पंच्याऐंशी हजारांचा आकडा ठरला होता हे सिद्ध झालं नाही, तरी कामाची वाजवी किंमत मागता येते.

रेकॉर्डिंग चालतं. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर होते. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेपवरचं संभाषण पुरावा म्हणून मान्य केलं, त्याला पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला. आवाज ओळखता आला पाहिजे, बोलणं मुद्द्याचं असलं पाहिजे आणि त्यात काटछाट नको. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथेच राहू द्या. एडिट करून छोटी क्लिप बनवू नका, त्यानेच घात होतो.

बाकी पुरावा आज-उद्या गोळा करा. वाढीव प्लाय आणि चॅनलची दुकानातली बिलं, त्यांच्यावरच्या तारखा, काम चालू असतानाचे फोटो. आणि सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर. तुमची माणसं ठरल्यापेक्षा जास्त दिवस त्या फ्लॅटवर येत होती, हे वॉचमनने तारीखवार लिहून ठेवलेलं असतं. ही रजिस्टरं काही महिन्यांत रद्दीत जातात, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन ते जपून ठेवायला सांगा. मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो, निवृत्त आहे. दुसरा वन आरके मित्राच्या मुलाला अकरा महिन्यांसाठी तोंडीच दिला. ‘अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही’ असं एजंट म्हणाला होता. दीड वर्ष झालं, भाडं देतो पण खोली सोडत नाही. बारा वर्षं राहिला की मालक होतो म्हणे. वीज तोडू का?

उत्तर : काका, वीज तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली मालकाला पाणी, वीज अशा गरजेच्या सोयी तोडता येत नाहीत, आणि आज तुमची बाजू बरी असेल तर त्या एका कृतीने ती बिघडेल.

एजंट म्हणाला ते इतर काही राज्यांत चालत असेल. महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : भाड्याचा असो की लीव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिने, सहा महिने, कितीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट हे की, लेखी नोंदणीकृत करार नसला तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. तो म्हणाला, ‘काकांनी पाच वर्षांसाठी दिली होती’, तर पहिला डाव त्याचा.

बारा वर्षांची भीती मात्र मनातून काढा. परवानगीने राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी निव्वळ त्यामुळे मालक होत नाही. तुमचं नुकसान दुसरीकडे आहे : लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा लवकर परत मिळवण्याचा जो मार्ग आहे, तो लेखी करारावर उभा आहे. तो तुमच्याकडे नाही. म्हणून मित्राला मध्ये घालून मुलाला समोर बसवा, त्याला हवे तर आणखी चार-सहा महिने द्या, पण त्या चार-सहा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवून घ्या. रागाच्या भरात दावा लावण्यापेक्षा हे चार महिने तुम्हाला स्वस्त पडतील.

प्रश्न : वकीलताई, मी घणसोली गावची, दिलेली ठाण्यात. वडिलांची जमीन नवी मुंबईसाठी सिडकोने घेतली, बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला. वडील २०१६ ला वारले. वर्षश्राद्धाला सगळे जमलेले असताना मोठा भाऊ म्हणाला, ‘बहिणींनी काही मागायचं नाही, माहेर तुटायला नको.’ मी खाली मान घालून बसले, काही बोलले नाही. आता बिल्डरशी बोलणी चालली आहेत आणि भाऊ सगळ्यांना सांगतात, तिने तेव्हाच तोंडी हक्क सोडला. खरंच सुटला का?

उत्तर : नाही, ताई. मान खाली घालून बसणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. प्रस्तावावर गप्प राहिलं की होकार झाला, असं करार कायदा मानत नाही.

समजा, तुम्ही त्या दिवशी ‘बरं’ म्हणाला असतात. तरीही. काहीही मोबदला न घेता, निव्वळ मायेपोटी जवळच्या नातेवाइकाला दिलेलं वचन कायद्याने बांधील ठरायचं असेल, तर कलम २५ सांगतं की ते लेखी आणि नोंदणीकृत हवं. स्थावर मालमत्तेचं बक्षीसही नोंदणीकृत दस्तानेच होतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. म्हणूनच गावोगावी बहिणींकडून हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं जातं. तुमच्याकडून ते घेतलेलं नाही. भावांनाही हे ठाऊक आहे. नाहीतर बिल्डर समोर आल्यावर तुमची एवढी आठवण झाली नसती.

दुसरी बाजूही सांगते, कारण भावांचा वकील तीच मांडेल. कुटुंबातली तोंडी वाटणी किंवा तडजोड कायद्याला अमान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काले निकालात म्हटलं आहे की कौटुंबिक समझोता तोंडी होऊ शकतो आणि तेव्हा नोंदणीही लागत नाही. पण तो समझोता खरा, प्रामाणिक आणि सगळ्यांच्या मर्जीने झालेला असावा लागतो. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, याला समझोता म्हणत नाहीत. त्यातही मुलींच्या बाबतीत न्यायालय आता जास्त सावध आहे. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे आणि त्यासाठी दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. आणि ‘तोंडी वाटणी आधीच झाली होती’ हा बचाव सहजी मान्य करायचा नाही. त्याला सरकारी दप्तरातल्या नोंदींसारखा भक्कम आधार लागतो. प्लॉट वडिलांचा स्वतःचा धरला तरी मृत्युपत्र नसेल तर मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस आहे. दोन्ही वाटांनी तुमचा हिस्सा येतोच.

साडेबारा टक्क्यांच्या या प्लॉटमागे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी केलेलं जानेवारी १९८४ चं आंदोलन आहे, त्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात घराघरातल्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच घरांतल्या लेकींना आता ‘तुमचं काय इथं’ असं विचारलं जातं, हे मला सहन होत नाही.

तुम्ही या आठवड्यात एवढं करा. सिडकोच्या कार्यालयात लेखी हरकत द्या : मी अमुक यांची मुलगी, वारस आहे, माझ्या संमतीशिवाय प्लॉटचं हस्तांतर किंवा विकास करार होऊ नये. सोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारी कागदपत्रं. पोच घ्या, शिक्का बघा. तीच नोटीस बिल्डरला. बिल्डर भावांपेक्षा जास्त घाबरतो, कारण बहिणीची हरकत असलेल्या प्लॉटवर बँक कर्ज द्यायला कचरते. ‘फक्त इथे सही कर, वारस नोंदीसाठी आहे’ असं म्हणून कोणी कागद पुढे केला तर तो घरी आणून वाचल्याशिवाय पेन उचलू नका. वाटणीच्या दाव्याला तीन नव्हे, बारा वर्षांची मुदत आहे, तुम्हाला वगळलंय हे कळल्यापासून. म्हणून उसन्या पैशांसारखी घाई नाही. पण एकदा प्लॉट विकला गेला आणि इमारत उभी राहिली की तुमचा लढा भावांशी न राहता फ्लॅटधारकांशी होतो. आईला भेटायला मात्र जात राहा. तिच्या घरी जायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

प्रश्न : नमस्कार. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये मी दलालीचं काम करतो. गाववाल्या एका दुकानदाराला ४० गोण्या उधारीवर हव्या होत्या. व्यापारी का-कू करत होता तेव्हा मी म्हणालो, ‘माल सोड, पैशाचं मी बघतो.’ दुकानदाराने हात वर केले. आता व्यापारी माझ्याकडून मागतोय. मी कुठेच सही केलेली नाही. मी द्यायला बांधील आहे का?

उत्तर : तुम्ही सांगता तसंच घडलं असेल, तर हो, बांधील आहात.

जामीन राहायला सही लागते असा समज बाजारात पक्का बसलेला आहे. इंग्लंडात १६७७ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे करार कायद्याचं कलम १२६ साफ सांगतं की जामिनकी तोंडी किंवा लेखी, कशीही असू शकते. आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच. व्यापाऱ्याने आधी दुकानदाराच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असंही बंधन नाही. फेब्रुवारी २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका शेअर दलालाच्या प्रकरणात, बायकोच्या खात्यातल्या तोट्याची जबाबदारी तोंडी घेतलेल्या नवऱ्याला देणेकरी ठरवलं.

सगळं अडतं ते एका गोष्टीवर : तुम्ही ते वाक्य केव्हा म्हणालात. गोण्या गाळ्यावरून हलण्याआधी म्हणालात आणि तुमच्या शब्दावर माल सुटला, तर तो माल सुटणं हाच तुमच्या जामिनकीचा मोबदला. कायद्याने तुम्ही अडकलात. पण माल आधीच गेला होता, दुसऱ्या दिवशी व्यापारी कुरकुरला आणि तुम्ही नुसतं ‘बघतो मी’ म्हणालात, तर त्या शब्दाच्या बदल्यात व्यापाऱ्याने काहीच सोडलेलं नाही. कलम १२७ च्या उदाहरणांत अशी जामिनकी रद्दबातल सांगितली आहे. मात्र ‘महिनाभर त्याच्यावर दावा लावू नको, मी देतो’ असं म्हणाला असाल आणि तो थांबला असेल, तर पुन्हा बांधील. तुमच्या पत्रावरून मला पहिलाच प्रकार दिसतो आहे. गेट पास आणि बिल काढून तारीख-वेळ ताडून पाहा. त्या वेळी गाळ्यावर मेहताजी आणि हमाल होते, त्यांना काय आठवतं तेही शांतपणे विचारा.

द्यावेच लागले तर रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि व्यापाऱ्याकडून पावतीवर लिहून घ्या की अमुक दुकानदाराच्या अमुक बिलापोटी जामीनदार म्हणून मिळाले. पैसे भरले की (ती पावती हा त्याचा पुरावा) व्यापाऱ्याचा वसुलीचा हक्क तुमच्याकडे येतो, आणि गाववाल्यावर दावा लावायला तुम्हाला पैसे भरल्या दिवसापासून तीन वर्षं मिळतात.